न्यू जर्सी : शेजारशेजारची दोन गावं, शाळांत एवढी तफावत कशी? (चर्चा : प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पायवाट

न्यू जर्सीत घर शोधायला लागलं की ओळखीतले सगळे एकच सांगतात, "आधी स्कूल डिस्ट्रिक्ट बघा." म्हणजे आपल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. एका रस्त्याच्या अल्याड शाळेचं रेटिंग दहापैकी ९, पल्याड ४. तेवढ्याच मापाचं घर पल्याड दीड-दोन लाख डॉलरनी स्वस्त, आणि तरीही तिथल्या घरपट्टीचा दर जास्त! महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, गावाच्या घरपट्टीशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे इथली व्यवस्था पटकन उमगत नाही. जाणकारांना चार प्रश्न :

१. गरीब गावात दर जास्त आणि शाळेला पैसा कमी, असं उलटं कसं होतं?
२. कोर्टानं यात कधी हात घातला नाही का?
३. राज्य सरकार मदत देतं म्हणतात. मग तफावत उरते कुठे?
४. रेटिंग शाळेचं असतं की आजूबाजूच्या उत्पन्नाचं?

"अमेरिकेत असंच चालतं" हे उत्तर नको. हिशोब हवा.

मोजपट्टी

पहिला प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन सोडवू.

गाव आधी दर ठरवतं आणि मग जमेल तेवढा पैसा गोळा होतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात आधी शाळामंडळ बजेट करतं. त्यातून राज्याची आणि केंद्राची मदत वजा केली की जी रक्कम गावाकडून वसूल करायची उरते, ती लेव्ही. लेव्हीला गावातल्या एकूण करपात्र मालमत्तेनं भागलं की दर निघतो. न्यू जर्सीत तो १०० डॉलरमागे सांगतात. बऱ्याच राज्यांत १,००० डॉलरमागे सांगतात, त्याला मिल रेट म्हणतात.

दोन काल्पनिक गावं घ्या. दोन्हीकडे २,००० मुलं, दोन्हीकडे शाळेची लेव्ही ४ कोटी डॉलर, म्हणजे मुलामागे २०,०००.

अ गावात करपात्र मालमत्ता २०० कोटींची. दर आला १०० ला २.
ब गावात ८० कोटींची. दर आला १०० ला ५.

आता बिलं काढा. अ गावात साडेसात लाखांच्या घराला वर्षाला १५,००० डॉलर. ब गावात तीन लाखांच्या घरालाही नेमके १५,०००. घर अडीचपट स्वस्त, पट्टी तेवढीच. ब गावातल्या कुटुंबाला हे झेपत नाही, म्हणून मंडळ खर्चाला कात्री लावून दर ३ वर आणतं. तरी तो अ गावाच्या दीडपट राहतो, आणि हातात येतात २.४ कोटी, म्हणजे मुलामागे १२,०००. दर दीडपट आणि मुलामागे वीसाच्या जागी बारा.

एवढ्यावर थांबत नाही. घर घेणारा मासिक हप्त्यात घरपट्टीही मोजतो, कारण बँक ती एस्क्रोमधून (पट्टीसाठी राखलेल्या खात्यातून) महिन्याच्या महिन्याला कापते. पट्टी जड असेल तर घरासाठी तो कमी किंमत देतो. किंमत उतरली की करपात्र मालमत्ता आणखी आकसते आणि पुढच्या साली दर पुन्हा चढतो.

मालमत्ता म्हणजे फक्त घरं नव्हेत. टर्नपाइकलगतची (टोलच्या महामार्गालगतची) गोदामं, मॉल, ऑफिस पार्क भरपूर पट्टी देतात आणि शाळेत एकही मूल पाठवत नाहीत. असं बांधकाम ज्या गावाच्या हद्दीत पडलं त्याचं नशीब. याउलट सरकारी इमारती, विद्यापीठं, मोठी रुग्णालयं, चर्च यांच्यावर पट्टी नसते किंवा अगदी थोडी असते, आणि त्यांची दाटी नेवार्क, ट्रेंटनसारख्या जुन्या शहरांत जास्त आहे.

आणखी एक गळती आहे, तिची चर्चा फार कमी होते : पायलट करार. बिल्डरला ३० वर्षांपर्यंत नेहमीच्या पट्टीऐवजी ठरलेली रक्कम भरायची मुभा मिळते. दीर्घ मुदतीच्या करारात त्यातले ९५ टक्के नगरपालिकेला, ५ टक्के काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जातात. शाळेच्या वाट्याला कायद्याने काहीच येत नाही. हडसनकाठच्या काचेच्या टॉवरांबद्दल बोलताना हे लक्षात ठेवा.

खडूफळा

दुसरा प्रश्न. कोर्टानं हात घातला, पण देशाच्या पातळीवर सोडून दिला.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनिओत एजवुड नावाचं डिस्ट्रिक्ट होतं, बहुतांश मेक्सिकन-अमेरिकन वस्तीचं. तिथल्या पालकांनी १९६८ मध्ये खटला भरला, डिमेट्रिओ रॉड्रिग्ज हे त्यातलं पहिलं नाव. १९६७-६८ सालचे आकडे निकालपत्रातच आहेत. एजवुडचा दर १०० डॉलरला १.०५, त्यातून मुलामागे जमले २६ डॉलर. त्याच शहरातल्या अलामो हाइट्सचा दर ०.८५, आणि मुलामागे जमले ३३३. राज्य आणि केंद्राचे पैसे मिळवल्यावरसुद्धा एजवुडला ३५६, अलामो हाइट्सला ५९४. मोजपट्टींनी मांडलेली अ-ब गावं कल्पनेतली म्हणायची, पण त्यांचा नमुना हा असा खरा आहे.

२१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी पालकांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमतातर्फे न्या. पॉवेल यांनी लिहिलं. न्या. थर्गुड मार्शल यांनी विरोधात लांबलचक मत नोंदवलं. त्या दिवसापासून ही लढाई पन्नास राज्यांच्या कोर्टांत विखुरली. म्हणूनच "अमेरिकेत काय पद्धत आहे?" या प्रश्नाला एक उत्तर नाही. हवाईत अख्ख्या राज्याचं एकच डिस्ट्रिक्ट आहे. केंटकीत १९८९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पूर्ण शालेय व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. टेक्ससनं १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडून वरचा पैसा काढून घ्यायला सुरुवात केली, लोक त्याला रॉबिन हूड म्हणतात.

न्यू जर्सीची गोष्ट जास्त रंगतदार आहे. १८७५ सालच्या घटनादुरुस्तीत राज्यानं 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' शाळा चालवाव्यात असं एक वाक्य आहे. त्याच्या आधारे १९७३ मध्ये कोर्टानं घरपट्टीवर उभी असलेली पद्धत रद्द केली. विधिमंडळ पैशांची सोय करेना, तेव्हा १ जुलै १९७६ पासून शाळांवरचा खर्चच कोर्टानं थांबवला. आठवडाभरात राज्याचा आयकर मंजूर झाला. न्यू जर्सीत पगारातून जो राज्य आयकर कापला जातो, त्याचा जन्म या भांडणातला आहे.

पुढे अ‍ॅबट खटला. १९९० च्या निकालानं गरीब शहरी डिस्ट्रिक्टांना श्रीमंत उपनगरांइतका पैसा द्यायला सांगितलं. १९९८ मध्ये त्या डिस्ट्रिक्टांत तीन आणि चार वर्षांच्या मुलांना बालवाडी देणं राज्याला बंधनकारक झालं. सुरुवातीला अशी २८ डिस्ट्रिक्टं होती, नंतर ३१ झाली.

उलटतपासणी

मग प्रश्न मिटला म्हणायचा की. काही अ‍ॅबट डिस्ट्रिक्टं आज मुलामागे शेजारच्या उपनगरांपेक्षा जास्त खर्च करतात, तरी निकाल यथातथा. १९६६ चा कोलमन अहवाल हेच सांगत होता : मुलाच्या गुणांवर शाळेच्या खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा. पैसा ओतून काय साधलं?

खडूफळा

कोलमन यांनी त्या वेळचे फरक एका क्षणात टिपले होते. एकाच मुलाला बारा वर्षं जास्त पैसा मिळाला तर काय होतं, हे त्यात दिसत नाही. तेच बघणारा जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांचा २०१६ चा अभ्यास आहे. कोर्टाच्या निकालांमुळे जिथे खर्च वाढला तिथली मुलं त्यांनी मोठी होईपर्यंत पाहिली. बारा वर्षं खर्च १० टक्क्यांनी जास्त राहिला तर गरीब घरातल्या मुलांची मोठेपणीची कमाई साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शिक्षण सुमारे अर्ध्या वर्षानं. पैसा लागू पडतो, पण उशिरा. परीक्षेच्या गुणांत तो लगेच शोधला तर निराशाच होणार.

'उपनगरापेक्षा जास्त खर्च' या तुलनेतही गोम आहे. गरजा सारख्या नाहीत. २००८ च्या राज्याच्या सूत्रात गरीब घरातल्या मुलासाठी मूळ रकमेवर ०.४७ ते ०.५७ पट जादा धरले होते. गरीब मुलांचं प्रमाण जितकं जास्त तितका गुणक मोठा. इंग्रजी शिकणाऱ्या मुलासाठी ०.५. म्हणजे मूळ रक्कम १०,००० धरली, तर दाट गरिबीच्या शाळेतल्या मुलाला १५,७०० लागतात हे राज्यच मान्य करतं. तिथे १५,००० खर्च होत असतील तर ते १०,००० वाल्या उपनगरापेक्षा जास्त दिसतात, पण प्रत्यक्षात ७०० कमीच आहेत.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच. सूत्र असं : पुरेसं बजेट वजा गावाचा रास्त वाटा बरोबर राज्याची मदत. रास्त वाटा अर्धा मालमत्तेवरून आणि अर्धा रहिवाशांच्या उत्पन्नावरून काढतात. कागदावर हे देशातल्या चांगल्या सूत्रांपैकी आहे. २००९ मध्ये कोर्टानंही ते मान्य केलं. घोळ अंमलात झाला. मंदीच्या वर्षांत राज्यानं पूर्ण रक्कम दिली नाही. मुलं कमी झालेल्या गावांना जुनी जादा मदत चालूच राहिली, आणि नव्यानं वाढणारी गावं अडकली. २०१८ च्या कायद्यानं ती जादा मदत सात वर्षांत उतरवत नेली. पण ज्या गावाची मदत घटली त्याला खड्डा भरून काढायला लेव्ही वर्षाला २ टक्क्यांवर वाढवता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर. आरोग्यविम्याचे हप्ते त्याहून वेगानं वाढतात. मग आधी ग्रंथपाल जातो, नंतर कला-संगीत, नंतर बसचा मार्ग.

आणि केंद्राची मदत? एकूण शालेय खर्चात ती साधारण ८ ते १० टक्के. त्यातली १९६५ पासूनची 'टायटल वन' गरीब शाळांसाठी आहे, पण तिच्यात एक फट आहे. गरीब आणि सधन शाळेत खर्च 'तुल्य' आहे हे दाखवताना डिस्ट्रिक्टला शिक्षकांचा खरा पगार मोजावा लागत नाही, डोकी मोजली तरी चालतं. वीस वर्षं अनुभवाचे शिक्षक सधन शाळेत, नवे गरीब शाळेत, तरी कागदावर दोन्ही शाळा सारख्या. २०१५ च्या कायद्यानंतर प्रत्येक शाळेचा प्रत्यक्ष पगारासह दर मुलामागे खर्च जाहीर करावा लागतो. तो तक्ता जरूर बघा.

नकाशे

सगळे दराबद्दल बोलतायत. मला वाटतं खरा मुद्दा हद्दीचा आहे. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आणि जवळजवळ ६०० स्कूल डिस्ट्रिक्टं आहेत, आणि राज्य आपल्या विदर्भाच्या चतुर्थांशाहूनही लहान. इतके तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यात कोण राहणार हे ठरवणं सोपं जातं.

कसं ठरवलं? १९३० च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशननं दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले : हिरवा, निळा, पिवळा, लाल. कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ हमखास लाल. हल्ली सगळा दोष या नकाशांवर टाकायची पद्धत आहे, ती मला अर्धवट वाटते. त्या संस्थेनं स्वतः लाल भागातही कर्जं दिली होती. जास्त मोठं नुकसान केलं ते १९३४ च्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं. तिची हमी असेल तर बँक कमी डाउन पेमेंटवर, लांब मुदतीचं कर्ज द्यायची, आणि ही हमी नव्या, गोऱ्या उपनगरांकडे वळवली गेली. लाँग आयलंडवरचं लेव्हिटटाउन १९४७ मध्ये सुरू झालं ते 'फक्त गोऱ्यांसाठी' या अटीसह. तिथे तेव्हा घर घेतलेल्याची नातवंडं आज त्या घराच्या किमतीवर कॉलेजची फी भरतात. ज्याला कर्जच मिळालं नाही, त्याच्याकडे तेवढ्याच वर्षांच्या भाडेपावत्या.

घरविक्रीतला वंशभेद कायद्यानं बंद झाला १९६८ मध्ये. १९६५ चा स्थलांतर कायदाही त्याच वर्षी पूर्ण लागू झाला, आणि इथले बहुतेक मराठी लोक त्यानंतरचे. आपल्याला उपनगराचं दार उघडं मिळालं. ते कुणी ढकलून उघडलं हे गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये क्वचितच निघतं.

नंतरचं काम झोनिंगनं, म्हणजे कुठे काय बांधता येईल याच्या गावाच्या नियमांनी केलं. कुठेही 'अमुक लोक नकोत' असं लिहायचं नाही. फक्त किमान प्लॉट एक एकराचा, अपार्टमेंटला मनाई, बेडरूमच्या संख्येवर मर्यादा. स्वस्त घर बांधताच आलं नाही की गरीब मूल शाळेत येतच नाही. याविरुद्ध न्यू जर्सीच्या कोर्टाचे माउंट लॉरेल निकाल आहेत, १९७५ आणि १९८३ चे : प्रत्येक गावानं परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा. श्रीमंत गावांनी पळवाट काढली. आपल्या वाट्याची निम्मी घरं ती पैसे देऊन दुसऱ्या शहराच्या गळ्यात मारू शकत होती. हा प्रकार २००८ मध्ये बंद केला. २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि आता २०२५ ते २०३५ ची चौथी फेरी चालू आहे. टाउन हॉलच्या बैठकीत 'ट्रॅफिक वाढेल', 'शाळांवर ताण येईल' ही भाषणं ऐकू येतात ती याच वाट्याबद्दल.

हद्द ओलांडून मुलं एकत्र आणायचा रस्ता १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन खटल्यात जवळपास बंद झाला, तोही ५ विरुद्ध ४ मतांनी. शेजारच्या डिस्ट्रिक्टनं स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्याला एकत्रीकरणाच्या योजनेत ओढता येत नाही. रस्त्याच्या अल्याड-पल्याडची ती रेघ एवढी पक्की आहे ती यामुळे.

उलटतपासणी

गुणकाचा मुद्दा मान्य. रेटिंगचं कुणी सांगा. लोक त्या एका आकड्यावर दीड लाख जास्त मोजतात.

खडूफळा

त्या आकड्यात मोठा भाग असतो 'किती टक्के मुलं इयत्तेच्या पातळीवर आहेत' याचा. हा आकडा मूल शाळेत काय घेऊन आलं ते जास्त सांगतो, आणि तो उत्पन्नाच्या मागोमाग जातो. त्याऐवजी राज्याच्या शालेय अहवालात पुढच्या गोष्टी शोधा.

एक, वाढीचा टक्केवारी मध्य (मीडियन स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल). मागच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांच्या तुलनेत हे मूल किती पुढे गेलं, ते यात दिसतं. ४० ते ५९.५ म्हणजे अपेक्षेइतकं. रेटिंग ४ आणि वाढ ६२ अशी शाळा सापडली तर तिथले शिक्षक कामाचे आहेत. रेटिंग ९ आणि वाढ ४१ असेल तर शाळा पालकांच्या ट्यूशनवर तरली आहे असा संशय घ्यायला जागा आहे.

दोन, दीर्घ गैरहजेरी. दहा टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८ किंवा जास्त दिवस गैरहजर मुलांचं प्रमाण.

तीन, 'रेटिंग ९' शाळेच्या आत बघा. आठवीत बीजगणित आणि हायस्कूलला एपी (कॉलेजच्या पातळीच्या) वर्गांत कोण बसतं? गटवार आकडे अहवालात असतात. इमारत एक, पण वाटा वेगळ्या, हे चित्र चांगल्या गावांत नेहमीचं आहे.

मोफत जेवणाच्या टक्केवारीवरून गरिबी मोजत असाल तर जपून. मूळ नियम असा : दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत मोफत, १८५ पर्यंत सवलतीत. पण आता ठरावीक प्रमाणात गरीब मुलं असतील तर अख्ख्या शाळेला मोफत जेवण देता येतं, आणि ती अट २०२३ मध्ये ४० टक्क्यांवरून २५ वर आली. त्यामुळे काही शाळांपुढे १०० टक्के दिसतं, ते सगळी मुलं गरीब असल्याचं लक्षण नव्हे.

पायवाट

मुलामागच्या गुणकाचा हिशोब डोळे उघडणारा होता. एक जोडप्रश्न. घरपट्टी चुकीची लागली असेल तर अपील करता येतं म्हणे. पण मग एकाचं बिल कमी झालं की ते दुसऱ्यावर पडत असणार? आणि भाड्यानं राहणाऱ्यांचं काय?

मोजपट्टी

हो, पडतंच. लेव्ही ठरलेली असते. म्हणूनच अपील कोण करतं हा न्यायाचाही प्रश्न आहे. वकील आणि मूल्यांकनकार परवडणारी मोठी घरं आणि व्यापारी इमारती अपील करतात, आणि स्वस्त घरांचं मूल्यांकन बाजारभावाच्या मानानं जड राहतं. हे तपासायला स्वस्त आणि महाग घरांच्या मूल्यांकनाची तुलना करणारं एक गुणोत्तर आहे, पीआरडी (प्राइस-रिलेटेड डिफरेन्शियल). ०.९८ ते १.०३ ठीक. १.०३ च्या वर गेलं की स्वस्त घरांवर जास्त भार आहे असं समजायचं. पाच-सात वर्षं पुनर्मूल्यांकन न केलेल्या गावात हे हटकून बिघडतं, कारण सगळे मोहल्ले एका वेगानं चढत नाहीत.

अपिलाची पद्धत. जानेवारीच्या अखेरीस एक पोस्टकार्ड येतं. त्यावर जमीन, बांधकाम आणि एकूण असे तीन आकडे आणि मागच्या वर्षीची पट्टी असते. लोक ते जाहिरात समजून फेकतात. तो एकूण आकडा म्हणजे असेस्ड किंमत, पट्टीसाठी गावानं धरलेली, बाजारभाव नव्हे. असेस्ड किंमत भागिले बाजारभाव याचं गावाचं सरासरी गुणोत्तर शोधा, समजा ८० टक्के. कायदा त्याच्या १५ टक्के खालीवर सोडतो, म्हणजे ६८ ते ९२.

असेसमेंट ४,८०,००० आहे आणि घर खरं ५,००,००० चं आहे असं तुम्ही सिद्ध केलंत. ४.८ भागिले ५ म्हणजे ९६ टक्के, मर्यादेबाहेर. मग असेसमेंट ५ लाखांच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ४ लाखांवर येतं. दर २.५ असेल तर वर्षाला २,००० डॉलर वाचतात. पण घर ५,४०,००० चं निघालं तर गुणोत्तर ८९ च्या आत, आणि एक डॉलरही कमी होत नाही. हे गणित घरी न करता जाणारेच जास्त हरतात.

बहुतेक काउंटींत शेवटची तारीख १ एप्रिल. मनमथसारख्या काउंटीचं वेळापत्रक वेगळं, तिथे १५ जानेवारी. पुरावा म्हणजे आदल्या १ ऑक्टोबरच्या आसपासचे तीन ते पाच तुल्य घरांचे विक्रीव्यवहार. ते सुनावणीच्या किमान सात दिवस आधी पोहोचवायचे. फी ५ ते १५० डॉलर, असेसमेंटप्रमाणे. पट्टी थकलेली असेल तर अपील उभंच राहत नाही. "शेजाऱ्याला कमी लागली" आणि "पट्टी फार आहे" हे दोन्ही मुद्दे काउंटीचं कर-बोर्ड ऐकून घेतं आणि बाजूला ठेवतं.

भाडेकरूही घरपट्टी भरतो, भाड्यातून. न्यू जर्सीच्या अँकर या घरपट्टी-सवलत योजनेत उत्पन्न १,५०,००० पर्यंत असेल तर भाडेकरूला ४५० डॉलर मिळतात, त्याच उत्पन्नाच्या घरमालकाला १,५००. वय ६५ झालं असेल तर २५० जादा. भाडेकरूचं नाव करारावर हवं आणि त्या वर्षाच्या १ ऑक्टोबरला तेच मुख्य घर हवं. नुकतेच आलेले बरेच जण ही योजना फक्त मालकांसाठी आहे असं धरून सोडून देतात. नवऱ्या-बायकोपैकी एकाचंच नाव करारावर असेल तर अर्ज त्याच नावानं भरा.

उलट बाजूही बघा. केंद्रीय आयकरात घरपट्टी आणि राज्याचा आयकर यांची मिळून वजावट २०१८ पासून १०,००० डॉलरवर अडवली होती, २०२५ साठी ती मर्यादा ४०,००० झाली. ही वजावट ज्यांचा वजावटयोग्य खर्च स्टँडर्ड डिडक्शनच्या (सगळ्यांना मिळणाऱ्या ठरावीक वजावटीच्या) वर जातो त्यांनाच मिळते, म्हणजे बहुतेक करून अ गावातल्या साडेसात लाखांच्या घरवाल्याला. ब गावातल्या तीन लाखांच्या घरवाल्याची पट्टी तेवढीच, पण कर्जाचं व्याज आणि राज्याचा आयकर कमी, त्यामुळे तो सहसा स्टँडर्डच घेतो आणि सगळे १५,००० त्याच्या खिशातून जातात.